अमेरिकेचा ठेका, हालिंगदालची जीभ

नॉर्वेजियन भाषेच्या वर्गात पहिल्या दिवशी ‘याय’ शिकवतात. याय म्हणजे मी. ऑस्लोतल्या पहिल्या तीन महिन्यांत मी हा ‘याय’ इतका घोकला, की दुकानात गेल्यावर तोंडातून आधी ‘याय’ निघायचं आणि काय घ्यायला आलेय ते मागाहून आठवायचं. अशात एकदा ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या गाडीत एक गाणं लागलं. गिटार अमेरिकन, ड्रमचा ठेका अमेरिकन. डोळे मिटले तर टेनेसीतल्या एखाद्या ढाब्यासमोर बसल्यासारखं वाटावं. गाणारा मात्र काही केल्या ‘याय’ म्हणेना. तो ‘एग’ म्हणत होता.

“ही कुठली भाषा?” मी विचारलं.

“नॉर्वेजियन.”

“मग मी शिकतेय ती?”

“तीपण नॉर्वेजियनच,” तो म्हणाला आणि त्याने आवाज वाढवला.

गाण्याचं नाव होतं ‘डेन फीनास्त एग वेइत’ आणि बँडचं नाव हेलबिलीज. सहकारी मूळचा त्यांच्याच खोऱ्यातला, त्यामुळे पुढचा तासभर मला दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. तक्रार नाही, आज नॉर्वेतला माझा सगळ्यात लाडका बँड तोच आहे. पण तेव्हा डोक्यात एक किडा शिरला. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतलं संगीत, ते वाजवणारे नॉर्वेच्या डोंगरातले लोक, आणि शब्द अशा बोलीतले की राजधानीत भाषा शिकणाऱ्या बाईला ‘मी’सुद्धा ओळखू येऊ नये. आणि तरी हे सगळं देशभर चालतं. कसं काय?

आधी गाव बघू. ऑस्लोहून बर्गेनला जाणारी रेल्वे १९०९ साली सुरू झाली. ती ज्या लांबलचक खोऱ्यातून वर चढते ते हालिंगदाल. ‘दाल’ म्हणजे खोरं. नेसब्यीएन, गोल, ओल, याइलो अशी स्टेशनं येतात, मग झाडं संपतात आणि गाडी फिन्सेला १२२२ मीटरवर पोचते. हेलबिलीज ओल आणि शेजारच्या हूल या भागातले. दोन्ही ठिकाणची वस्ती प्रत्येकी पाच हजारांच्या आतबाहेर. हिवाळ्यात स्कीइंगवाले येतात, उन्हाळ्यात गुरं-शेळ्या डोंगरावरच्या उन्हाळी गोठ्यांवर जातात. त्या गोठ्याला नॉर्वेत बऱ्याच ठिकाणी ‘सेतर’ म्हणतात, हालिंगदालमध्ये ‘स्त्योल’. म्हणजे गोठ्याच्या नावापासूनच वेगळेपण सुरू.

बँड जमला १९९० साली. गायक आस्लाग हौगेन, गिटारवर त्याचा भाऊ लार्स होवार हौगेन, आणि सुरुवातीच्या काळात बरेचसे शब्द लिहिणारा आर्ने मोस्लोत्तेन. नाव म्हणजे उघड कोटी आहे. अमेरिकेत डोंगराळ भागातल्या अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसाला ‘हिलबिली’ म्हणून हिणवत, आणि ज्याला आपण आज कंट्री म्हणतो ते संगीत १९४०च्या दशकापर्यंत बाजारात ‘हिलबिली संगीत’ याच नावाने विकलं जाई. हालिंगदालच्या पोरांनी त्या ‘हिल’चं ‘हेल’ केलं, डोंगराचा नरक केला. आम्ही डोंगरातले गावठी आहोत, हे दुसऱ्या कुणी म्हणण्याआधी स्वतःच म्हणून टाकलं.

सुरुवातीला ते अमेरिकन गाणी घेत आणि त्यावर हालिंगदालच्या बोलीत शब्द बसवत. भाषांतर म्हणावं असं ते नव्हतं. चाल तीच ठेवून माणसं, हवा, गाडी, बाई, दारू सगळं आपल्या खोऱ्यातलं घालायचं. पहिला अल्बम १९९२चा, ‘सिल्वस्पेन्ते बूट्स’, म्हणजे चांदीच्या बकलांचे बूट. या दोन शब्दांतच बँडची सगळी युक्ती आहे. ‘बूट्स’ हा सरळ इंग्रजीतून उचललेला, काउबॉयचा. आणि चांदीचं बकल? नॉर्वेत सतरा मे या राष्ट्रीय दिवशी लोक ‘बूनाद’ घालतात, म्हणजे ज्या त्या खोऱ्याचा पारंपरिक पोशाख. त्याच्याबरोबरच्या काळ्या बुटांना चांदीची बकलं असतात. आजीच्या पेटीतल्या बुटाची बकलं काढून टेक्ससच्या बुटाला लावली, असं हे शीर्षक आहे. चांदीसाठी वापरलेला ‘सिल्व’ हा शब्दही शहरी पुस्तकातला नाही, खेड्याकडचा आहे.

आता त्या ‘डेन फीनास्त एग वेइत’कडे येते. अर्थ साधा: मला ठाऊक असलेली सगळ्यात सुंदर. माझ्या वर्गातल्या बाईंनी शिकवलेल्या भाषेत हेच ‘डेन फीनेस्ते याय वेत’ होईल. दोन्ही मोठ्याने म्हणून पाहा. वर्गातल्या वाक्यात सहा अवयव, म्हणजे उच्चाराचे तुकडे आहेत, गाण्यातल्या वाक्यात पाच. एक अवयव वाचला म्हणजे गायकाला कुठेतरी सूर लांबवायला तेवढी जागा मिळाली. ती तो कुठे वापरतो? शेवटच्या शब्दावर. ‘वेत’मधला स्वर लांब, पण सपाट. ‘वेइत’मध्ये ए कडून इ कडे घसरण आहे, आणि कंट्री गाणाऱ्याला अशी घसरण म्हणजे उतारावरचा रस्ता, गिटारचा सूरही तसाच खालून वर ओढलेला असतो. ‘फीनास्त’मधला उघडा आ बघा. ‘फीनेस्ते’चे दोन्ही ए तोंड मिटल्यासारखे येतात. हे सगळं मला ऐकून ऐकून कळलं, सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “आम्ही असंच बोलतो.”

नॉर्वेजियन ही सुरांची भाषाही आहे, हे इथे सांगायला हवं. ‘ब्योन्नेर’ हा उच्चार एका सुरात केला तर शेतकरी, दुसऱ्या सुरात केला तर शेंगांतले दाणे. बोलताना माणूस कुठला हे शब्दांआधी या चढउतारावरून कळतं. पण गाताना चाल गाण्याची, बोलण्याची नव्हे. त्यामुळे हा चढउतार पुसला जातो. मग गाण्यात बोली ओळखायची कशावरून? स्वरांवरून, शब्दांच्या शेपटांवरून आणि ‘मी’वरून. हालिंगदालच्या बोलीत क्रियापदांची मूळ रूपं दोन प्रकारची असतात: काही ‘आ’ने संपतात, काही ‘ए’ने, आणि कुठलं कशाने संपणार ते हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे नॉर्वेजियनच्या पूर्वज भाषेत, त्या शब्दाचा पहिला अवयव ऱ्हस्व होता की दीर्घ, यावर ठरतं. गोठ्यात शेण काढणाऱ्या माणसाने ते व्याकरण कधी शिकलेलं नसतं. चुकतही नाही.

आणखी एक गाणं त्यांचं: ‘एइ क्रासाफारेन स्तेइनबू’. मोडकळीला आलेली दगडी झोपडी, डोंगरात गुराख्यांना, शिकाऱ्यांना रात्र काढायला असते तशी. यातला ‘एइ’ फार महत्त्वाचा. तो स्त्रीलिंग दाखवतो. आपल्याला तो, ती, ते अशी तीन लिंगं आहेत म्हणून आपल्याला यात नवल वाटत नाही, पण डॅनिशमध्ये स्त्रीलिंग आणि पुल्लिंग मिसळून एक झालं आणि ऑस्लोच्या जुन्या उच्चभ्रू वस्तीतल्या बोलण्यावरही तीच छाप. तिथे झोपडी ‘एन’ झाली असती, म्हणजे ना धड तो ना ती. डोंगरातल्या बोलींनी तिन्ही लिंगं जपून ठेवली. माझ्यासारख्या मराठी माणसाला ‘एइ’ ऐकलं की उगाच घरचं कुणीतरी भेटल्यासारखं होतं.

ही ‘डॅनिश छाप’ आली कुठून, ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१३८० ते १८१४, म्हणजे चारशेहून जास्त वर्षं, नॉर्वे डेन्मार्कच्या राजाखाली होता. या काळात जुनी नॉर्वेजियन लिखित भाषा मेली. कोर्टातले कागद, चर्चमधलं बायबल, शाळेची पुस्तकं सगळं डॅनिशमध्ये. खोऱ्याखोऱ्यांतले लोक मात्र आपापलं बोलत राहिले. मध्ये डोंगर, मध्ये फ्योर्ड म्हणजे आत घुसलेल्या खोल खाड्या, वर्षातले सहा महिने बर्फ. शेजारच्या खोऱ्यात जायचं कारणही पडत नसे. त्यामुळे जितकी खोरी तितक्या बोली. ‘मी’चीच उदाहरणं घ्या. ऑस्लोकडे याय, पश्चिमेला एग, त्रोन्देलागमध्ये आणि उत्तरेला ॲ, रोम्सदालमध्ये नुसता ई, तोतेनकडे ये. मराठीत ‘आहे’चं मालवणीत ‘आसा’ आणि अहिराणीत ‘शे’ होतं, तसंच काहीसं. त्रोन्देलागमधला एक जुना विनोद आहे: शाळेतल्या मुलाला विचारलं तू कुठल्या तुकडीत, तर तो म्हणतो “ॲ ए ई आ”. मी ए तुकडीत आहे. पूर्ण वाक्य, आणि त्यात एकही व्यंजन नाही.

१८१४ला डेन्मार्कपासून सुटका झाली. स्वीडनच्या राजाशी संयोग झाला तरी स्वतःची राज्यघटना आली, आणि प्रश्न उभा राहिला: आता लिहायचं कशात? दोन उत्तरं निघाली. एक व्यवहारी: डॅनिशच चालू ठेवा, हळूहळू शहरी नॉर्वेजियन उच्चारांप्रमाणे शुद्धलेखन बदलत न्या. त्यातून आज जिला ‘बोकमोल’ म्हणतात ती निघाली. शब्दशः अर्थ पुस्तकी भाषा. माझा ‘याय’ तिथला.

दुसरं उत्तर एका माणसाने पायी फिरून दिलं. ईवार ओसेन, जन्म १८१३, पश्चिम किनाऱ्यावरच्या सुन्मोरे भागातल्या ओर्स्ता या गावच्या छोट्या शेतकऱ्याचा मुलगा. कॉलेज नाही, सगळं स्वतःचं स्वतः शिकलेला. त्याला दोन गोष्टींचा नाद: झाडं आणि शब्द. १८४१ साली तो बर्गेनच्या बिशपकडे गेला, तेव्हा त्याच्याकडे सुन्मोरेतल्या वनस्पतींचा वाळवून चिकटवलेला संग्रह होता आणि त्याच भागाच्या बोलीचं त्याने लिहिलेलं व्याकरण होतं. बिशपचं लक्ष व्याकरणाकडे गेलं. मग त्रोन्हेइममधल्या विज्ञान संस्थेने पैसे दिले आणि १८४२ ते १८४६ ओसेन देशभर फिरला. झाडं गोळा करावीत तसे शब्द गोळा केले, कुठे कसं उगवतं ते टिपलं. १८४८ला व्याकरण, १८५०ला शब्दकोश. बोली वेगवेगळ्या दिसल्या तरी मुळं एकच आहेत, आणि त्या मुळांवर एक लिखित भाषा उभी करता येते, हे त्याने दाखवलं. तीच आज ‘नीनोर्स्क’. १८८५ला संसदेने ती डॅनिशच्या बरोबरीची म्हणून मान्य केली, आणि १९२९ला दोघींना आजची नावं मिळाली. नीनोर्स्कमध्ये शाळा शिकणारी मुलं आज दहा टक्क्यांच्या थोडी वर आहेत. सरकारी रेडिओ-टीव्ही असलेल्या एनआरकेला मात्र किमान पंचवीस टक्के मजकूर नीनोर्स्कमध्ये द्यावाच लागतो.

लोक इथे एक गोंधळ करतात, मीही केला होता. हेलबिलीज नीनोर्स्कमध्ये गातात असं मी एकदा म्हटलं आणि सहकारी दुखावला. नीनोर्स्क लिहायची असते. कुणाची आई नीनोर्स्कमध्ये अंगाई म्हणत नाही. ते गातात हालिंगमोलमध्ये, म्हणजे हालिंगदालच्या बोलीत. नीनोर्स्क त्या बोलीला कागदावर जागा देते, एवढाच तिचा संबंध. आणि नॉर्वेत प्रमाण बोली अशी अधिकृत चीज नाहीच. प्रमाण आहे ते लेखनाचं, आणि तेही दोन. १८७८ सालीच असा निर्णय झाला की शाळेत मुलांना शक्यतो त्यांच्याच बोलीत शिकवावं. आजचा शाळेचा कायदाही सांगतो की बोलताना कुठली भाषा वापरायची ते विद्यार्थी आणि शिक्षक स्वतः ठरवतील. शिक्षकाने मुलाचं ‘एग’ सुधारून ‘याय’ करायचं नाही.

याचा परिणाम रोज कानावर पडतो. मंत्री संसदेत आपल्या गावच्या बोलीत उत्तर देतो, हवामान सांगणारी बाई आपल्या, हृदयाचा डॉक्टर आपल्या. बातमीपत्र वाचताना अजून लिखित प्रमाणाला धरून वाचतात, पण घटनास्थळावरचा वार्ताहर लगेच आपल्या बोलीवर येतो. सुरुवातीला मला हे फार जड गेलं. आपल्याकडे विधानसभेत कुणी शेवटपर्यंत अहिराणीत बोललं तर निम्मे लोक गालातल्या गालात हसतील आणि उरलेले टाळ्या वाजवतील. दोन्हींत ते ‘वेगळं’ धरलं जाईल. इथे कुणी मान वळवून बघत नाही. उलट हसू येतं ते बोली सोडणाऱ्याचं. त्याला एक क्रियापद आहे, ‘क्नूते’. गावचा पोरगा ऑस्लोत दोन वर्षं राहून सुट्टीला घरी आला आणि ‘याय’ म्हणाला, तर तो क्नूते करतोय. जे आपलं नाही ते तोंडात घेऊन मिरवतोय. शिवी नाही, पण शिवीच्या दारापर्यंत जातं.

असं नेहमीच होतं असं मानू नका. शंभर वर्षांपूर्वी शहरात आलेल्या मोलकरणी आणि मजूर आपली बोली लपवतच होते. मोठा पालट १९७०च्या दशकात झाला. १९७२च्या सार्वमतात नॉर्वेने युरोपीय समूहात जायला नकार दिला. नकाराच्या बाजूला साडेत्रेपन्न टक्के मतं, आणि त्यामागे खेडी, कोळी, शेतकरी, उत्तर नॉर्वे. राजधानीने ठरवायचं आणि आम्ही मान डोलवायची, हे चालणार नाही, असा तो सूर होता. त्याच लाटेवर बोली वर आली. घोषणा होती: बोला बोलीत, लिहा नीनोर्स्कमध्ये. गाण्यांनी यात मोठं काम केलं. १९७४ला व्योम्म्योल स्पेलमन्सलाग हा बँड त्रोन्देलागच्या बोलीत एका काल्पनिक खोऱ्याची टर उडवणारी गाणी घेऊन आला. नाम्सोसचा ओगे आलेक्सांदर्सेन त्याच भागातल्या बोलीत रॉक गाऊ लागला. १९८०ला योविक-तोतेनकडच्या वाझेलीना बिलओप्पह्योग्गर्सने, म्हणजे ‘व्हॅसलीन गाडीमोडे’ अशा अर्थाच्या नावाच्या बँडने, रॉक अँड रोलवर गावठी शब्द चढवले. हेलबिलीज आले तेव्हा बोलीत गाणं ही बंडखोरी उरलेली नव्हती. दार उघडं होतं.

मग त्यांनी केलं काय नवीन?

इथे दुसरा एक शब्द लागतो: ‘हॅरी’. नाव आहे, पण नॉर्वेत विशेषण म्हणून वापरतात. हॅरी म्हणजे भडक, सवंग, ज्याची चव नाही असं. स्वीडनच्या हद्दीपलीकडे जाऊन स्वस्त मटण आणि तंबाखूने डिकी भरून आणणं हॅरी. गाडीच्या आरशाला लोंबणारे फासे हॅरी. आणि कंट्री संगीत, काउबॉय टोपीसकट, अगदी हॅरी. नॉर्वेत कंट्री आधी होतंच. ब्योरो होलांडसारखे गायक ते इंग्रजीत गात आणि रेकॉर्डी भरपूर खपत. पण टीकाकार, ऑस्लोतले संगीतवाले नाक मुरडत. म्हणजे परिस्थिती मोठी मजेची होती: ज्या गावकऱ्याच्या बोलीला देशाने मान दिला, त्याच गावकऱ्याने शनिवारी रात्री समाजमंदिरात नाचताना लावलेल्या संगीताला मान नव्हता. त्याच्या तोंडाला प्रतिष्ठा, पायांना नाही.

हेलबिलीजनी ही दोन्ही एकत्र बांधली. माझ्या मते त्यांची खरी करामत ती. इंग्रजीत गायलेलं कंट्री नॉर्वेत नाटकासारखं वाटायचं; ज्याने कधी टेक्सस पाहिलं नाही तो टेक्ससच्या रस्त्यावर रडतोय. कंट्रीचा तर सगळा दावाच असा की इथे खोटं नाही, आम्ही जगतो तेच गातो. इंग्रजीत गाणारा नॉर्वेजियन गायक तोंड उघडताच तो दावा मोडायचा. बरं, बोकमोलमध्ये गायलं तर ते नगरपालिकेच्या नोटिशीसारखं ऐकू येईल. हालिंगमोलमध्ये गायल्यावर मात्र स्तेइनबू खरी झाली, कारण ती अमुक डोंगरावरची होती आणि गाणारा तिच्या बाजूने जाऊन आलेला होता. मग हॅरी म्हणणाऱ्यांचीही अडचण झाली. हालिंगमोलला हॅरी म्हणायचं म्हणजे स्वतःच्याच देशाच्या भाषा-धोरणाला हॅरी म्हणायचं!

त्यात ते वाजवतातही चांगलं, हे विसरायला नको. लार्स होवारची गिटार नॉर्वेत नावाजलेली आहे. आणि शीर्षकांमधला त्यांचा खट्याळपणा मला भारी आवडतो. १९९५चा अल्बम ‘लाकेनस्क्रेक’: लाकेन म्हणजे चादर, स्क्रेक म्हणजे धास्ती, रात्री अंथरुणावर जायची भीती. १९९७च्या मैफिलीच्या रेकॉर्डचं नाव ‘लिव्ह लागा’. ‘लाइव्ह’ हा इंग्रजी शब्द लिहिलाय, पण नॉर्वेजियनमध्ये वाचला की होतो ‘लीव लागा’, म्हणजे जगणाऱ्या वाणाचं, तग धरेल असं. २००२चं ‘कूलतुर’ म्हणजे ‘कूल’ आणि ‘तूर’, सहल, पण कानाला ‘कुल्तूर’, संस्कृती. २००१चं ‘अर्बन ट्वँग’: डोंगरातल्या बँडने शहरी म्हणवून घेत काढलेला चिमटा.

कुणी कुणी असंही सांगतात की कंट्री नॉर्वेला जवळचं वाटतं कारण अर्धा नॉर्वेच अमेरिकेला गेला होता. ऐकायला गोड आहे. १८२५ला ‘रेस्ताउरास्योन’ नावाचं छोटं गलबत स्ताव्हांगरहून न्यूयॉर्कला गेलं, आणि पुढच्या शंभर वर्षांत आठेक लाख माणसं गेली. एवढ्याशा देशाच्या मानाने भलता आकडा. हालिंगदालहूनही पुष्कळ गेले. पण ते गेले मिनेसोटा, विस्कॉन्सिन, डकोटाकडे, उत्तरेच्या गव्हाच्या मुलखात. कंट्री जन्मलं दक्षिणेत, ॲपलॅशियाच्या डोंगरांत, इंग्लिश-स्कॉटिश गाणी आणि आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचं वाद्य आणि संगीत यांच्या मिश्रणातून. नॉर्वेजियन आजोबांनी ते घडवलं नाही. घरी पत्र येत, फोटो येत, काउबॉय सिनेमे येत. अमेरिका ओळखीची होती एवढं खरं.

माझ्या कानाला जवळचं नातं वेगळीकडे लागतं. हालिंगदालला स्वतःचं नाचाचं संगीत आहे. ‘हालिंग’ नावाचा नाचच आहे: एकटा पुरुष नाचत नाचत येतो, एक बाई खुर्चीवर उभी राहून काठीच्या टोकाला टोपी धरते, आणि तो उसळून लाथेने ती टोपी उडवतो. साथीला हार्दांगर फिडल. तिच्या चार तारांवर गज फिरतो आणि त्यांच्याखाली आणखी चार-पाच तारा असतात ज्यांना कुणी हात लावत नाही. त्या आपोआप गुणगुणतात. सारंगी-सतारीच्या तरफा माहीत असलेल्याला हे लगेच पटेल. त्यामुळे त्या फिडलचा सूर कधीच एकटा येत नाही, मागे धुकं घेऊन येतो. आता स्टील गिटारचा घसरत जाणारा, मागे रेंगाळणारा सूर आठवा. ज्या खोऱ्यात तीनशे वर्षं लोक असल्या रेंगाळणाऱ्या सुरांवर नाचले, त्यांना नॅशव्हिल, कंट्रीचं ते अमेरिकन शहर, परकं का वाटेल? हा माझा अंदाज आहे, सिद्धांत नाही. ओलमध्ये दरवर्षी लोकसंगीताचा सप्ताह भरतो, तिथे उभं राहून मला हे सुचलं, आणि तिथल्या वातावरणात माणसाला बरंच काही सुचतं.

हेलबिलीज एकटे नाहीत. सेल्योर, विन्स्त्रा, ब्राइम अशा छोट्या गावांत उन्हाळ्यात कंट्रीचे महोत्सव भरतात, कॅरॅव्हॅनच्या रांगा लागतात. तिथला एक मोठा बँड म्हणजे वासेनगुताने, अर्थ ‘तळ्याच्या टोकाची पोरं’. ‘गुताने’ हे अनेकवचनही खेड्याकडचं. ऑस्लोत ‘गुत्तेने’ झालं असतं. ही पोरं कुठली? ओर्स्ताची. ज्या ओर्स्तात ईवार ओसेन झाडं वाळवत होता, त्याच तालुक्यातल्या एका खोऱ्याची. ट्रॅक्टर, बिअर, पोरी आणि घरी बनवलेली दारू यांची गाणी सुन्मोरेच्या बोलीत. ओसेन स्वभावाने भिडस्त, आयुष्यभर अविवाहित. त्याला ही गाणी कितपत आवडली असती कोण जाणे, पण एकही शब्द समजायला अडला नसता.

बोली मात्र हलतेय. हालिंगमोलमध्ये एक चतुर्थी विभक्ती शिल्लक होती. ‘डोंगराकडे’ आणि ‘डोंगरात’ यांत नामाचंच रूप बदलायचं. म्हातारे अजून ती वापरतात. सहकारी वापरत नाही, त्याच्या मुलीला ती आहे हेच माहीत नाही. याइलोला बर्फासाठी येणारे ऑस्लोकर, टीव्ही, मोबाइल, सगळ्यांचा वाटा आहे. ती मुलगी व्याकरणाचा तो कोपरा हरवून बसली, पण हेलबिलीजची गाणी तिला पाठ आहेत, आणि गाताना तिच्या तोंडून आजोबांचे शब्द येतात जे ती एरवी बोलत नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही सगळे गाडीने गोलला निघालो होतो. ते गाणं लागलं आणि मीही म्हणायला लागले, ‘एग’ म्हणत. मध्येच थांबून मी सहकाऱ्याला विचारलं, हे मी क्नूते करतेय का?

त्याने थोडा विचार केला. “क्नूते करायला आधी इथलं एक खोरं असावं लागतं. तुला अजून नाहीये.”

“मग मी कुठलंही घेऊ?”

मागच्या सीटवरून त्याची मुलगी म्हणाली, “आमचं घे. पण ‘वेइत’ नीट म्हण, तू अजून ‘वेत’ म्हणतेस.”